गाळातला, चढता, उडता

मोठेबा, तुमच्या पुण्यानुमोदनाला मला बोलता आलं नाही.

विहारासमोर मांडव होता. तुमचा फोटो आधार कार्डावरून मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही कुणावर तरी चिडल्यासारखे दिसता. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून बोलला. शामरावभाऊ कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, कधी कुणाला दुखवलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, घरातली शिकलेली पोरगी आहे, तिला द्या माईक. मी उठले. 'मोठेबांनी मला खूप शिकवलं' एवढं म्हणाले आणि बसले. बायांना वाटलं मला रडू आवरत नाही. रडू येत नव्हतं. आठ दिवस पाहुण्यांच्या चहाची पातेली घासून आणि अंथरुणं घालून-काढून मी इतकी थकले होते की तोंड उघडायलाही जोर लागत होता. शिवाय जे सांगायचं होतं ते त्या मांडवात सांगण्यासारखं आहे का, हेही कळत नव्हतं.

ते इथे लिहिते आहे. मला परीक्षेपुरतंच लिहायची सवय आहे, त्यामुळे मागचं पुढे झालं तर समजून घ्या.

आईबाबा दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जायचे आणि मी तुमच्या आणि मोठाईच्या घरी, थोरल्या काका-काकूंकडे राहायचे. मला शाळेतून आल्यावर दिसायचं ते एकच चित्र. तुम्ही ओट्यावर बसलेले, बांबूची चीर पायाच्या अंगठ्यात धरलेली, त्या चिरेत मासे धरायची सगळ्यात बारीक गरी अडकवलेली, आणि दोन्ही हातांनी तिच्यावर दोरा गुंडाळणं चाललेलं. गावातले बाकीचे लोक गरीला गांडूळ लावत. तुम्ही दोरा आणि पीस बांधून खोटा किडा करायचे. हे तुम्ही कुठे शिकलात ते मला तुम्ही कितीतरी वेळा सांगितलं. नदीपलीकडच्या जंगलातल्या विश्रामगृहावर तुम्ही रोजंदारीला होते, तिथे बाहेरगावचा एक साहेब मासे धरायला यायचा. त्याची पिसाची गरी एकदा अर्जुनाच्या फांदीत अडकली. साहेब दोरी तोडून निघून गेला. तुम्ही झाडावर चढून ती गरी काढली, घरी आणली आणि मासे धरायच्या आधी ती पूर्ण उसवली. कोणता दोरा आधी, कोणता नंतर, गाठ कुठे. उसवून झाल्यावर परत बांधता आली नाही म्हणून मोठाई हसली होती. आठ दिवसांनी ती गाठ तुम्हाला जमली.

पानठेल्यावर तुम्हाला टोमणे बसायचे. ठेलेवाले भाऊ म्हणायचे, "शामरावभाऊ, सकाळी विहारात पाणातिपाता म्हनता, जीव मारनार नाई म्हनता, आन संध्याकाळी गरी टाकता, हे कसं जमते?" तुम्ही सुपारी कातरत सांगायचे, "म्हून तं खोटा किडा लावतो बापा. मासोळीचं पाप लागंल तं लागंल, किड्याचं तं नाई लागत."

तुमच्या डबीत तीन प्रकारच्या गऱ्या असायच्या. तुम्ही त्यांना गाळातला, चढता आणि उडता म्हणायचे. गाळातला म्हणजे टेलरकडून आणलेल्या लाल दोऱ्याचा, बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, तळाशी चिखलात सापडतो त्या बारीक लाल किड्यासारखा. चढता म्हणजे काळ्या दोऱ्याचा, डोक्याशी बगळ्याच्या पिसाचा पांढरा गोंडा. उडता म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळलेला, पाण्यावर तरंगणारा. मला तिन्हींत उडता आवडायचा, कारण तो दिसायला सुंदर होता. तुम्ही म्हणायचे, "दिसाले चांगला हाये, पन मासोळी त्याले कमी खाते. गाळातला दडून बसते, उडता निसटून जाते. मधात जो चढते ना, त्याचंच मरन."

हे सगळं मी रोज पाहत होते. आणि तरीही मी ते केलं.

तुम्हाला आठवतच असेल, पण मला ते पुन्हा नीट सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी चामोर्शीच्या कॉलेजात सायन्सला गेले. जाऊन महिनाही झाला नव्हता. वर्षावास सुरू होता, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं. विहार बोडीच्या पाळीला लागून, आणि नुकताच तिथे मोठा पांढरा दिवा बसवला होता. त्या दिव्यावर चिलटांचे ढग यायचे. ग्रंथाच्या पानांवर पडायची, वाचणाऱ्याच्या तोंडात जायची, सकाळी झाडलं तर फरशीवरून ओंजळभर निघायची. त्यातच गावात दोन घरी मलेरिया निघाला. लोक घाबरले. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय काढला की या मच्छरांचं काय करायचं.

तेव्हा कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. पोरगी सायन्सला आहे, तिला विचारा.

मोठेबा, आपल्या घरातून त्या माईकपुढे त्या दिवसापर्यंत कुणीच उभं राहिलं नव्हतं. बाबा कधी गावात असले तर सभेत मागे उभे राहायचे. मला वाटलं, काहीतरी सांगितलंच पाहिजे. 'माहीत नाही' म्हणणं मला सुचलंसुद्धा नाही. मी शाळेच्या पुस्तकात डासाचं जीवनचक्र पाठ केलं होतं, तेच म्हणून दाखवलं. हे डास आहेत, यांच्या अळ्या बोडीत आहेत, पाण्यावर तेल टाकलं की अळ्यांचा श्वास कोंडतो आणि त्या मरतात. बोलताना माझा आवाज स्पष्ट होता. मलाच नवल वाटलं.

मग सरपंच तुमच्याकडे वळले. बोडीवर रोज बसणारे तुम्हीच. "शामरावभाऊ, तुमाले काय वाटते?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला आज सांगता येत नाही. मग म्हणाले, "पोरगी शिकून राह्यली. तिले मालूम असंल. व्हय."

त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यांनी आणून बोडीच्या कडेनं टाकलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय पसरली. दिव्यावरची चिलटं कमी झाली आणि सगळे म्हणाले, पोरीनं बरोबर सांगितलं. मलेरिया तसाच राहिला. बोडीतली बारकी मासोळी मरून काठाला लागली, मोठी जी निघाली तिला ऑइलचा वास. म्हशी पाण्याला तोंड लावेनात. तुम्ही काठी खांद्यावर टाकून दुसऱ्या गावच्या तलावावर जायला लागले, जायला दीड तास, यायला दीड तास. मी विचारलं तर म्हणाले, "तिथली मासोळी मोठी हाये." मी विश्वास ठेवला. खोटं बोलताना तुम्ही सुपारी कातरता हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी प्रकल्प दिला. जवळच्या पाण्यातला एक कीटक निवडा, त्याच्या अवस्था पाळून बघा. मी पुन्हा डास घेतले, कारण तेच मला येतात असं वाटत होतं. तोवर एक पावसाळा वाहून गेला होता, बोडी बरीच साफ झाली होती. लाल किडे काढून कॉलेजात नेले. मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, हे डास नाहीत. ही चिलटं आहेत, ती चावतच नाहीत. यांच्या अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखंच लाल द्रव्य असतं, म्हणून कमी हवेच्या गाळातही जगतात. माशांचं हे मुख्य खाणं.

मी बसमध्ये नदीच्या घाटापर्यंत उभी आले, बसायला जागा असून.

घरी येऊन मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तुम्ही चकित व्हाल. तुम्ही गरीवर दोरा गुंडाळतच राहिले. म्हणाले, "चावत नाई हे तं मले मालूम हाये. तीस साल झाले त्याईच्यात बसून राह्यलो, एकानं नाई चावलं."

मी लगेच काही विचारलं नाही. मला भीती वाटली असावी. तेव्हा आपण दोघांनी फक्त प्रकल्पाचं काम केलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत बोडीचा गाळ, वर पाणी, तोंडाला माझी जुनी ओढणी बांधलेली. लाल किड्यांनी गाळाच्याच बारीक नळ्या केल्या आणि आत जाऊन बसले. आठवडाभर काही नाही. मग एका सकाळी तुम्ही मला हाक मारली. किडा नळीतून निघाला होता, पण आता तो लाल नव्हता. अंगानं आखूड, डोक्याकडे फुगलेला, डोक्याशी पांढरा गोंडा. हळूहळू वर चढला, पाण्याच्या वरच्या कातडीला आतून टेकून लोंबकळत राहिला. पाठ फाटली आणि त्यातून चिलट बाहेर आलं. पाण्यावर नुसती साल राहिली, धानाच्या तुसासारखी.

तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "म्हंजे गाळातला आन चढता एकच?"

मी म्हटलं, हो, एकच. अंडी, अळी, कोश, मग उडणारं.

"मी तं त्याईले येगयेगळे जीव समजत होतो. चढत्याचा उडता होते हे मालूम होतं. पन गाळातला तं गाळातलाच राह्यते असं वाटे." मग बरणी उजेडाकडे फिरवली आणि म्हणाले, "हे बरं दाखवलं बाई तू."

मोठेबा, कॉलेजातल्या कुठल्याही गुणांनी मला तेवढा आनंद झाला नाही. तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट मी तुम्हाला दाखवू शकले. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. पुस्तकात होतं की उडणारं चिलट जवळपास काही खात नाही, त्याचं सगळं खाणं अळीच्या वयात होऊन जातं, पुढचे थोडे दिवस तेवढ्यावर निघतात. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. "जीव हाये तं खाईनच. तुमच्या पुस्तकवाल्याईनं पाह्यलं नसंल." मी दर वेळी नवीन कारण द्यायचे, तुम्ही दर वेळी तेच उत्तर. मोठाई वैतागून म्हणायची, "तुमी दोघं जेवा आधी, मंग चिलटाचं पाहू."

प्रकल्पात चित्रं काढायची होती. माझी चित्रं वाईट. तुम्ही म्हणालात, चित्र कायले पायजे, बांधून देतो. थर्माकोलच्या पाटीवर तुम्ही चारही अवस्था बांधून दिल्या, लाळेसारख्या अंड्यांसाठी डिंकाचा थेंब लावून. परीक्षकांनी ती पाटी हातात घेऊन विचारलं, कुणी केलं? मी तुमचं नाव सांगितलं, नातं सांगितलं, तुम्ही शाळेत किती गेलात तेही सांगितलं. कॉलेजात तुमचं नाव घेणं सोपं होतं. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं, आणि मी गावात काय बोलले होते तेही कुणाला माहीत नव्हतं.

ती पाटी बांधत असतानाच एका दुपारी मी विचारलं. तुम्हाला माहीत होतं, मग त्या सभेत हो का म्हटलं?

तुम्ही हातातलं काम थांबवलं. तसं तुम्ही क्वचित करायचे.

"तू उभी राह्यली होती," तुम्ही म्हणाले. "आपल्या घरचं कोनी त्या माईकापुढं उभं राह्यलं होतं का कधी? मी नाई म्हटलो असतो तं सारे हासले असते. मंग तू पुन्हा उठली असती का?"

"पन बोडी गेली ना मोठेबा."

"बोडी एका पावसाळ्यात धुतली गेली. मानूस एकदा खाली बसला का लवकर उठत नाई."

मला आभार मानायला हवे होते. मला राग आला. आजही थोडा आहे. मी तुम्हाला म्हटलं की तुम्ही मला वाचवलं नाही, तुम्ही मला चुकीचंच राहू दिलं. सगळ्या गावासमोर हसले असते तर हसले असते. मला एक वर्ष खोटी शाबासकी मिळाली आणि तुम्ही तीन तास चालत राहिले, हे मी मागितलं नव्हतं. मी लहान आहे म्हणून तुम्ही खरं गिळलं, मग तुमच्या दृष्टीनं मी शिकले काय? या भांडणाचा निकाल लागला नाही, मोठेबा, आणि आता लागणारही नाही. कधी वाटतं तुमचं बरोबर होतं, कधी माझं. बसमध्ये खिडकीशी बसले की मी दोन्ही बाजूंनी बोलते.

शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, "मंग आता तूच सांगजो. सभेत. मी मांगं बसतो."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सांगायचं ठरलं. तुम्ही धुतलेला सदरा घातला होता. झेंडा झाला, बुंदी वाटली, आणि बुंदी घेऊन लोक घरी गेले. कोरम भरला नाही, सभा तहकूब. तुम्ही मागच्या सतरंजीवर एकटेच बसला होता. मला सुटल्यासारखं वाटलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण घरी येताना तुम्ही माझ्यापुढे दहा पावलं चालत होता.

मग एक मेची ग्रामसभा. मी तुम्हाला सांगितलं की माझी परीक्षा आहे. परीक्षा तीन तारखेला होती. मी त्या दिवशी चामोर्शीला मैत्रिणीच्या खोलीवर बसून होते, पुस्तक उघडं, एक पानही वाचलं नाही. हे तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. आणि नंतर मोठाईकडून कळलं की तुम्ही गेला होता. सभेत. म्हणालात, पोरगी पेपर लवकर संपवून आली तर, मी असलेलं बरं. सभा संपेपर्यंत मागे बसलात. मला तुम्ही यातलं काही सांगितलं नाही, विचारलंही नाही, पुन्हा कधी विषयही काढला नाही.

जूनमध्ये तुमच्या छातीत पाणी झालं. गडचिरोलीला दवाखान्यात नेलं, परत आणलं. शेवटचे दिवस तुम्ही काही खात नव्हता. मोठाई पेज घेऊन बसायची, चमचा ओठांना लावायची, तुम्ही मान वळवायचे. एक दिवस मी चमचा घेतला. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "पुस्तकवाल्याईचं बरोबर असंल मंग. मी आता उडता झालो, मले खानं नाई लागत." मोठाईला समजलं नाही, ती म्हणाली ताप डोक्यात गेला. मी हसले. तुम्हीही हसला, आणि हसताना खोकला आला. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की मोठेबा, एक मेला माझा पेपर नव्हता. तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही दमला होता, आणि मला वाटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही दिवसभर झोपलात. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे गेलात.

मला सांगायचं होतं ते खरं तर इथे संपतं. पण काल पंधरा ऑगस्ट होता.

यंदा कोरम भरला. घरकुलाची यादी वाचणार होते, म्हणून माणसंच काय, म्हाताऱ्यासुद्धा आल्या. मोठाईला मी नको म्हणत होते. ती म्हणाली, यादीत आपलं नाव आहे का ते बघायला नको का, आणि बायांमध्ये जाऊन बसली. यादी झाली, भांडणं झाली. मग सरपंच म्हणाले, विहाराच्या दिव्यावर मच्छर पुन्हा वाढले आहेत. ट्रॅक्टरवाल्याकडे ऑइल जमलं आहे. दोन वर्षांपूर्वीसारखं बोडीत टाकून घेऊ. कुणाची हरकत?

मी मागे वळून पाहिलं. सतरंजीवर एक कुत्रं झोपलं होतं. मोठेबा, त्या क्षणी मला उठावंसं वाटत नव्हतं. धैर्य वगैरे काही आलं नाही. फक्त असं वाटलं की तिसऱ्या वेळी पण बसून राहिले तर मग मी तुमच्याबद्दल कधीच खरं बोलू शकणार नाही, या कागदावरसुद्धा नाही. उठले.

मी म्हटलं, "माही हरकत हाये. ते मच्छर नाईत, चिलटं हायेत. चावत नाईत. मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकीचं होतं."

मग पानठेलेवाले भाऊ म्हणाले, "तवा तं तूच म्हटली तेल टाका. आता म्हनते नोको. दोन सालात पुस्तक बदललं का वं?"

लोक हसले. ज्या हसण्यापासून तुम्ही मला वाचवलं होतं ते हेच असावं. फार मोठं नव्हतं, मोठेबा. एवढंच सांगते.

मी म्हटलं, पुस्तक तेच आहे, मीच नीट पाहिलं नव्हतं. मलेरियाचे मच्छर हवे असतील तर बोअरवेलजवळच्या साचलेल्या डबक्यात पाहा, आणि भाऊ, तुमच्या ठेल्यामागे जे जुने टायर पडले आहेत, पावसाचं पाणी भरलेले, त्यांत डेंग्यूचे पाहा. यावर लोक जास्त हसले. पण दुसरा एक जण म्हणाला, त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं, "शामरावभाऊ भी तं व्हय म्हनले होते. म्हंजे त्याईचीबी चूक झाली."

इथे मान डोलावून बसणं फार सोपं होतं. माझी चूक आणि एका गेलेल्या माणसाची चूक, दोघांची मिळून. कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. तुम्ही स्वतः तिथे असता तर कदाचित तुम्हीच म्हणाला असता, हो, माझीही झाली.

मी म्हटलं, "नाई. त्याईले मालूम होतं. मी उभी होती म्हून ते बोलले नाईत. चूक माही एकटीची."

आणि मग बायांमधून मोठाई बोलली. ती सभेत कधी बोलली नव्हती. उठलीही नाही, बसूनच, पदर नीट करत म्हणाली, "त्या दिवशी घरी आले तवा जेवले नाईत. म्हने, बोडी गेली, पन पोरगी उभी राह्यली."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं एकाच ताटात जेवत होतो.

सरपंचांनी घसा साफ केला. म्हणाले, मग ऑइल नको, आधी डबकी बुजवू, टायर हलवू. दिवा बोडीपासून दूर, शाळेच्या बाजूच्या खांबावर घेऊ. ग्रामसेवक नवीन आहेत, बाहेरगावचे. ते रजिस्टरमध्ये लिहीत होते. मान वर करून त्यांनी विचारलं, ही माहिती सभेला कुणी दिली म्हणून लिहू? तुमचं नाव सांगा.

मी तुमचं नाव सांगितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, ते तर वारले साहेब. ग्रामसेवक पेन धरून थांबले. म्हणाले, वारलेल्या माणसाचं नाव सभेच्या कामकाजात कसं लिहायचं?

मी म्हटलं, माहिती त्यांचीच आहे. मी फक्त उभी आहे.

त्यांनी थोडा विचार केला. मग 'कै.' लिहायला सुरुवात केली. मी टेबलाजवळ गेले आणि म्हटलं, आमच्यात, बौद्धांत, कै. नाही, कालकथित लिहितात. त्यांनी ते अक्षर खोडलं, रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, तुम्हीच लिहा, माझ्याकडून चुकायचं.

मी लिहिलं. कालकथित, आणि पुढे तुमचं पूर्ण नाव. तो शब्द मी तुमच्या नावाआधी पहिल्यांदाच लिहीत होते.